हिस्ट्रीचा रकाना

"डॉक्टर, हे अक्षर तुमचंच ना?"

बालकल्याण समितीच्या अध्यक्षांनी माझा फॉर्म टेबलावर फिरवून माझ्यासमोर केला. अक्षर माझंच होतं. मी इंग्रजीत लिहिलं होतं : 'बेंबीभोवती भाजल्याचे चार गोल व्रण. मुद्दाम दिलेले. बिडीचे चटके?'

"मग ही मुलगी आईकडे कशी द्यायची?" ते तेलुगूत म्हणाले. "जेवणानंतर ऑर्डर टाइप होईल. पूजा सहा वर्षांची झाली. शिशुगृहात ठेवता येत नाही. मुलींच्या होममध्ये ट्रान्सफर."

ते होम दुसऱ्या जिल्ह्यात होतं. मी उठून बाहेर आले.

आमचा जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता. मी नुकतीच नोकरीला लागले होते. सरकारी शिशुगृहातल्या मुलांची हेल्थ असेसमेंट माझ्याकडे होती. म्हणजे वजन, उंची, दात, कान, दंडाचा घेर आणि अंगावरच्या खुणा. मूल घरी परत जाणार असेल तर घरच्यांचीही तपासणी. दोन्ही फॉर्म पाहून समिती ठरवते.

पूजाची आई गंगाबाई महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या मुधोळकडची, कापूस वेचणारी. नवरा वारलेला. टीबीनं खोकल्यातून रक्त पडायला लागलं म्हणून तिला दवाखान्यात भरती केलं. मुलीला पाहणारं कोणी नव्हतं, म्हणून पूजा शिशुगृहात आली. गंगाबाईनं सहा महिन्यांचा कोर्स एकही गोळी न चुकवता पुरा केला. थुंकी दोनदा तपासली. जंतू नाहीत. आता ती मुलगी न्यायला आली होती.

मागच्या आठवड्यात मी दोघींना तपासलं. आधी आईला. पदर बाजूला करा म्हणायला मला संकोच वाटला, म्हणून छाती पाठीवरूनच ऐकली आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. मग पूजाचा फ्रॉक वर केला आणि त्या खुणा दिसल्या. चार, गोल, एकसारख्या. अपघाती भाजणं वेडंवाकडं असतं, एकसारखं गोल म्हणजे बिडी-सिगरेटचा संशय, हे मला पाठ होतं. बाहेर जाऊन आईला विचारायला हवं होतं. पण ती 'हो' म्हणाली तर पुढे काय बोलायचं, ते मला माहीत नव्हतं. हिस्ट्री म्हणजे घरच्यांनी सांगितलेली हकिकत. त्या रकान्यात मी 'नॉट अव्हेलेबल' लिहिलं आणि सही केली.

समितीची बैठक शिशुगृहातच होती. आज गंगाबाई पुन्हा त्याच बाकावर होती. मांडीवर नव्या फ्रॉकची पिशवी.

"काय बोलून राह्यले साहेब?"

माझी मराठी घरापुरती. ऑफिसात ती काढायला मी लाजायची. तरी विचारलं, "पूजाच्या पोटावर त्या खुणा कशाच्या आहेत?"

"तुमी मराठी हाय? मंग त्या दिवशी काऊन नाई बोलल्या?"

"खुणा कशाच्या?"

"बिब्बा हाय तो. तीन मैन्याची होती, पोट फुगलं तिचं. सासूनं घातला."

"बिडीचे चटके नाहीत?"

"बिडी कोन वढते आमच्या घरी? तुमच्या घरी वढतात का?"

फॉरेन्सिकच्या परीक्षेत 'मार्किंग नट' या प्रश्नाचं मी पानभर उत्तर लिहिलं होतं. काळं, झोंबणारं तेल, कातडीवर फोड, मागे डाग. आमच्या घरी आईच्या डब्यात बिब्बे असायचे. दोन्ही एकच, हे मला त्या बाकाजवळ कळलं.

"सासूबाई कुठे आहेत?"

"मेली ना ते. तिले इचारता नाई येनार." मग ती उठली. "माह्या पोटाले बी हायत. माह्या मायनं घातलेले. पाहाचे हाय का?"

शिशुगृहाच्या तपासणीच्या खोलीत पडद्यामागे तिनं लुगडं जरा खाली सरकवलं. बेंबीभोवती चार खुणा. फिकट, पण त्याच जागी.

"तुमाले नाई घातला?"

"नाही."

"मंग पोट दुखलं तं काय करे तुमची माय?"

"ग्राइप वॉटर द्यायची."

"हं," ती म्हणाली. "आमच्या गावात कुठं भेटते ते."

मी नवीन पान घेतलं. तीन ओळी लिहिताना दोनदा खोडलं. अध्यक्ष जेवून आले होते, टायपिस्ट मशीनवर कागद चढवत होता.

अध्यक्षांनी पान वाचलं. "म्हणजे बिब्बा घालणं बरोबर आहे?"

"नाही सर. पोर भाजतंच. पण मारायला म्हणून केलेलं नाही. आणि आईनं नाही, आजीनं केलं."

"हे पहिल्या फॉर्ममध्ये का नाही?"

"मी विचारलं नव्हतं."

"आई कुठे होती तेव्हा?"

"बाहेर. बाकावर."

त्यांनी चष्मा काढला. "तुमच्या टेबलापासून तो बाक किती लांब आहे, अम्मा?"

"पंधरा पावलं असतील."

टायपिस्ट हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी त्याला कागद बदलायला सांगितला.

ऑर्डर झाली. मुलगी आईच्या ताब्यात. सहा महिने, दर महिन्याला दवाखान्यात वजन. घरात कोणालाही बिब्बा घालायचा नाही. मी वाचून दाखवलं. गंगाबाईनं अंगठा दिला आणि पूजाला नवा फ्रॉक तिथेच घातला. तो दोन बोटं आखूड झाला होता.

सहापैकी पाच महिने ती आली. एकदा वेचणी होती म्हणून आली नाही.

'हिस्ट्री नॉट अव्हेलेबल' मी अजूनही लिहिते. काही मुलांचं खरंच कोणी नसतं. फक्त लिहिण्याआधी उठून बाक बघून येते.