शरण आलेल्यांचा फोटो

सुरतेत पर्वत पाटियाच्या कापड मार्केटच्या दारात तो वॉचमन असायचा. लिंबायतहून साड्यांना लेस लावायच्या कामाला जाताना मला रोज दिसायचा. आमच्याच खानदेशचा, निमलष्करी दलातून निवृत्त झालेला. पिशवी तपासून झाली की दोन्ही हातांनी परत द्यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

निवडणुकीच्या दिवसांत एक उमेदवार मार्केटमध्ये आला. कार्यकर्त्यांनी आम्हा बायकांना फोटोसाठी रांगेत उभं केलं. पहिली मीच होते. तेवढ्यात तो धावत आला आणि त्यानं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं.

"ताई, नका उभ्या राहू तठे!"

"भाऊ, काय झालं?" मी घाबरून विचारलं.

तो भानावर आला. खाली मान घालून सांगू लागला, "जंगलात ड्युटी होती. मंत्री येणार होते, म्हणून वरून हुकूम आला, शरण आलेले नक्षली दाखवा. ते आणायचे कुठून? मग गावातली साधी माणसं रांगेत उभी केली, हातात बंदुका दिल्या, फोटो काढला. त्यातला एक आम्हाला रोज पाणी आणून द्यायचा. पेपरात फोटो आला आणि आठवड्याभरात नक्षल्यांनी त्याला खबऱ्या म्हणून मारलं."

"आणि मंत्री?"

"निवडून आले."

असले फोटो मी पेपरात कितीदा पाहिले होते. 'बरं झालं, शरण आले,' असं म्हणून पान उलटलं होतं. त्या माणसांचे चेहरे मात्र एकदाही नीट पाहिले नव्हते.