मामांची विहीर आणि ती दूरची गुहा

“दादा गेले,” एवढंच माझा नवरा गजानन फोनवर म्हणाला. मी जिंतूरला अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत बसले होते, फोन घ्यायला व्हरांड्यात आले होते, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, “कुणाच्या विहिरीवर?” पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि मला कळलं. सासऱ्यांच्या मरणाची बातमी ऐकून सुनेनं असं विचारावं, याची मला त्या दिवशी बोरीपर्यंतच्या एसटीत लाज वाटत राहिली. आता महिना उलटून गेलाय आणि ती लाज गेली आहे. आमच्या घरात ‘गेले’ म्हटलं की विहिरीवर गेले, एवढाच अर्थ होता. सत्तरी ओलांडलेला हा माणूस सकाळी चहा पिऊन शेतात गेला, बांधावरून फिरून आला, पत्र्याच्या सावलीत बाजेवर टेकला आणि पुन्हा उठला नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जेवायला उठवायला गेल्या. त्या सांगतात, चेहरा असा होता की आत्ताच पाण्यातून डोकं वर काढलंय आणि श्वास घ्यायचा राहिलाय.

सासऱ्यांना मी मामा म्हणायची. नाव मुंजाजी. चार एकर कोरडवाहू रान, त्यात एक दगडी पायऱ्यांची जुनी विहीर, आणि छातीत असा दम की पाण्याखाली गेलेला माणूस वर येईपर्यंत काठावरच्यांचा जीव टांगणीला लागावा. आसपासच्या गावांत त्यांना बुडीवाले म्हणत. कुणाची मोटर विहिरीत पडली, घागर गेली, वरून टाकलेल्या गळाला काहीच लागेना, की मामांना बोलावणं यायचं. कधीकधी ते माणसासाठीही यायचं. तसल्या कामाबद्दल ते घरात बोलत नसत. परत आले की अंगणातच अंघोळ करत आणि त्या दिवशी कुणाच्या ओट्यावर बसत नसत. मला वाटायचं ही त्यांची रीत असेल. मी पूर्ण्याची, रेल्वे क्वार्टरमध्ये नळाच्या पाण्यावर वाढलेली. विहिरीत डोकावलं तरी मी दोन पावलं मागं सरायची. “रेल्वेची पोरगी हाय, रुळावर चालती, पाण्यावर न्हाई,” असं म्हणून मामा मला हसत.

माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हाची गोष्ट. आमच्याकडं पेरण्या आटोपल्या होत्या आणि पावसानं दडी मारली होती. अशात एक दिवस टीव्हीवर बातमी आली की दूर पूर्वेकडच्या एका देशात फुटबॉल खेळणारी बारा पोरं आणि त्यांना शिकवणारा तरुण डोंगरातल्या गुहेत शिरले, बाहेर पाऊस कोसळला आणि गुहेत पाणी भरलं. पोरांच्या सायकली बाहेर तशाच उभ्या होत्या. पोरं जिवंत आहेत की नाहीत, कुणालाच माहीत नव्हतं. बोरीला त्या देशाचं नाव धड घेता येत नव्हतं, पण दोन दिवसांत सगळं गाव त्या गुहेत शिरलं. दुबार पेरणीची धास्ती होती, तरी चहाच्या हॉटेलात, दळणाच्या गिरणीत, एसटीच्या थांब्यावर एकच विषय. माझ्या अंगणवाडीत पोरांना सोडायला येणाऱ्या बाया दारातच थांबून विचारायच्या, “सापडले का गं?” एका म्हातारीनं आभाळाकडं बघून देवाला सरळच सुनावलं होतं, की आमचं पाणी तिकडं नेऊन लेकरांच्या अंगावर कशाला ओतलंस.

मामांना वाचता येत नव्हतं. संध्याकाळी मी ओट्यावर बसून मोबाइलवरच्या बातम्या त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. हळूहळू शेजारपाजारचे येऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी मी सगळं वाचलं, तेव्हा बाकीच्यांनी पोरांची वयं विचारली, आईबाप काय करतायत ते विचारलं. मामांनी एकच विचारलं, “पाणी नितळ हाय का गढूळ?” बातमीत ते नव्हतं. मी शोधत बसले, आणि सापडलं. गढूळ, हातभर पुढचं दिसत नाही असं. मामांनी मान हलवली. “मग लय अवघड हाय, बाई.”

नवव्या-दहाव्या दिवशी पोरं जिवंत सापडल्याची बातमी आली आणि गावात दिवाळी झाल्यासारखं झालं. पण सापडली म्हणजे सुटली नव्हती. बाहेर कसं आणायचं, यावर जगभर खल चालला होता, तसा तो आमच्या ओट्यावरही चालला. सगळ्यांत मोठा आवाज नामदेवरावांचा. गावातले वजनदार माणूस, कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार. त्यांचं म्हणणं, बोअरची गाडी डोंगरावर चढवायची आणि वरून भोक पाडायचं. दुसरा म्हणे दोर बांधून सरळ ओढून घ्यायचं. आपल्या महाराष्ट्रातली माणसं पाणी उपसायला तिकडं गेलीत हे मी वाचून दाखवलं, तेव्हा तर सगळ्यांना आपणच निम्मी कामगिरी फत्ते केल्यासारखं वाटलं. मग नामदेवराव म्हणाले की एवढे मोठाले पाणबुडे गेलेत, त्यांना एवढं काय जड जायलंय, चार हात मारले की पोरगं काखेत घालून बाहेर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी नामदेवरावांना आणि त्या दोरवाल्याला विहिरीवर बोलावलं. दोघंही पोहणारे होते. पाण्याखालच्या तिसऱ्या पायरीवर मामांनी एक तांब्या ठेवला होता. त्यांनी दोघांच्या डोळ्यांवर दस्ती घट्ट बांधली आणि सांगितलं, तेवढा तांब्या आणा. मी आणि आत्याबाई काठावरून बघत होतो. नामदेवराव आत गेले, भिंतीला धडकले, उलट्या बाजूला वळले आणि क्षणात खोकत वर आले. वर आले तरी काठ कुठल्या बाजूला आहे ते कळेना, म्हणून जागच्या जागी हात मारत राहिले. दोरवाल्यानं तर विहिरीला एक फेरी घातली आणि शेवटी मामांचाच पाय धरला. आत्याबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मामा हसले नाहीत. त्यांनी दोघांना हात देऊन वर घेतलं आणि सांगितलं की ही आपली घरची विहीर, इथं वर आभाळ तरी आहे. तिकडं वर दगड आहे, आणि पोरांना तर पोहायलाच येत नाही. त्या संध्याकाळपासून ओट्यावर कुणी युक्त्या सांगितल्या नाहीत. नामदेवराव येऊन मागं बसायचे आणि मी वाचलेलं ऐकायचे.

मग ती वाईट बातमी आली. पोरांसाठी आत हवेच्या टाक्या ठेवायला गेलेला एक पाणबुड्या परत येताना पाण्यातच गेला. मी वाचता वाचता थांबले. मामा उठून आत गेले आणि जेवले नाहीत. सकाळी मी चहा घेऊन शेतात गेले तर ते विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते. माझ्याकडं न बघता ते बुडालेल्या माणसांबद्दल पहिल्यांदाच बोलले... कुठल्या गावात कुणाची लेक, कुठं कुणाचा म्हातारा, सगळी नावं त्यांना पाठ होती. माणूस काढून दिलं की लोक त्यांना हात जोडत, पण चहा लांबूनच देत, ओट्यावर बसा म्हणत नसत. नामदेवरावांच्या घरच्या अशाच एका प्रसंगात ते दिवसभर उन्हात उभे राहिले होते. मला वाटायचं ती त्यांची रीत, ती खरी गावाची रीत होती. राग त्यांच्या बोलण्यात नव्हता. दुखत होतं ते वेगळंच.

“तो जिवंत लेकरं काढाय गेलता,” मामा म्हणाले. “मी इतक्या वर्षांत जिवंत माणूस एकबी काढलं न्हाई, बाई. मला बोलावणंच उशिरा येतंय.”

चहा निवून गेला, तोच ते प्यायले.

पुढचे तीन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. पोरं एकेक करून बाहेर येऊ लागली. मोबाइलची रेंज जायची म्हणून मी माळवदावर चढून बसायची आणि आकडा कळला की वरून ओरडून सांगायची. खाली लोक बोटं मोजत. बाया भाकरी थापायच्या सोडून पिठाच्या हातांनी उभ्या. शेवटच्या दिवशी तेरावा, म्हणजे तो शिकवणारा तरुणही, बाहेर आला, असं मी ओरडले आणि पुढचं मला आठवत नाही, कारण खाली एवढा कल्ला झाला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. चहाच्या हॉटेलवाल्या रहीमभाईंनी कढईभर जिलबी तळली. तेवढ्यात नामदेवराव हार, शाल आणि नारळ घेऊन आले, आणि मामांना हाताला धरून चालवत नेलं ते थेट आपल्या ओट्यावर. तिथं त्यांना लोडाला टेकून बसवलं आणि गळ्यात हार घातला. मामा बिचारे कावरेबावरे.

“आवो, मी काय केलं? मी तर औरंगाबाद सुदिक पाह्यलं न्हाई.”

“तिकडच्यांना हार घालाय आमी जाऊ शकत न्हाई,” नामदेवराव म्हणाले. “आमच्याकडं तुमीच हाव.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “आन् लय उशीर झाला आमाला. माफी करा.”

मामांच्या हातातली जिलबी तशीच राहिली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी ते कामाला लागले. गावातल्या एकूण एक पोराला पोहायला शिकवायचं, हे त्यांनी त्याच ओट्यावर सांगून टाकलं होतं. माणूस बुडाल्यावर बोलावणं येण्यापेक्षा माणूस बुडूच द्यायचं नाही, असा त्यांचा साधा हिशेब. पोरं आली, पण पोरी काही येईनात. आयाबाया पाठवायला तयार नव्हत्या. तेव्हा मामा मला म्हणाले, की घरातली सून उतरली की गाव उतरेल. मी हादरलेच. एक तर पाण्याची भीती, त्यात सासऱ्यांसमोर विहिरीत उतरायचं... आत्याबाईंनी तोडगा काढला. मी पंजाबी ड्रेसवर उतरायचं, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधायचा, आत्याबाईंनी दोर धरून पायरीवर बसायचं आणि मामांनी काठावर उभं राहायचं, विहिरीकडं पाठ करून. तसे ते खरंच उभे राहिले, तोंड कापसाच्या रानाकडं करून. नुसत्या आवाजावरून त्यांना सगळं कळायचं. “उजवा पाय झोपायलाय तुझा,” ते कापसाकडं बघून सांगायचे, आणि खरोखर माझा उजवा पाय झोपलेला असायचा. महिनाभरात डबा सुटला. पुढं त्यांनी मला बुडी मारायला शिकवलं, तळाचे खडे आणायला लावले. मी वर आले की न वळता विचारायचे, किती आणले. एकदा मी दोन आणून चार सांगितले, तर म्हणाले, एवढ्या दमात चार होत नाहीत.

माझ्यामागून पोरी आल्या. पहिली आली शेजारची आरती, तेव्हा सात वर्षांची, दात पडलेली. रविवारी सकाळी आमच्या विहिरीवर एवढा दंगा असायचा की पाखरं काठावरच्या झाडावर बसेनाशी झाली. मामांनी कुणाला रागावलेलं मला आठवत नाही. काठावर ढकलाढकली करणाऱ्याला मात्र ते दिवसभर घरी पाठवायचे, आणि ती शिक्षा पोरांना माराहून मोठी वाटे.

तीन वर्षांपूर्वी ती आरती भर दुपारी ओल्या कपड्यांनी आमच्या अंगणात धावत आली. तिच्या आईच्या भावाच्या शेततळ्यात तिचा लहान भाऊ घसरला होता. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर, पाय ठरत नाही. मोठी माणसं लांबच्या रानात. आरतीनं ओढणी काठाच्या खुंटीला बांधली, आत उतरली आणि भावाला केसाला धरून काठाशी आणलं. पोरगं पाणी ओकलं आणि रडायला लागलं. हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि मग घाबरून विचारलं की केसाला धरलं ते चुकलं का. मामा बाजेवर बसले होते. त्यांनी तिला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाले, “जिवंत हाय न्हवं?” ती म्हणाली, “हाय की. भाकर खायलाय.” मामांनी तिच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि कितीतरी वेळ काढलेच नाहीत. मग त्यांनी गजाननला रहीमभाईंकडं पिटाळलं आणि त्या दिवशी आमच्याकडून गावाला जिलबी गेली.

त्यांच्या जाण्यानंतर आत्याबाईंनी धोतरं, काठी, चपला लोकांना देऊन टाकल्या. त्यांचा बटनांचा साधा फोन मात्र माझ्याकडं दिला. तो अजून वाजतो. आठवडा झाला, लांबच्या एका वाडीवरून फोन आला, मुंजामामा हायेत का, मोटर पडलीय विहिरीत. मी सांगितलं, मामा वारले. पलीकडचा माणूस हळहळला, मग स्वतःशीच म्हणाला की आता कुणाला सांगावं. मामा फोनवर कुणाची विचारपूस करण्याआधी विचारत, पाणी किती परस हाय. परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. स्वयंपाकघरातून मी ते इतकी वर्षं ऐकलंय की माझ्याही नकळत मी विचारून बसले. तो म्हणाला, दोन-अडीच असंल.

दुसऱ्या सकाळी मी आणि गजानन गेलो. गजाननने दोर धरला, मी उतरले. पहिल्या दोन बुड्या वाया गेल्या. तिसऱ्या बुडीत गाळात हाताला गार लोखंड लागलं, मोटरची कडी सापडली, तिला दोराची गाठ बसली. वर आले तर काठावर अख्खी वाडी जमलेली. एका म्हातारीनं पुढं होऊन मला ओढून घेतलं, स्वतःच्या ओट्यावर नेऊन बसवलं, हातात चहाची बशी दिली आणि मग विचारलं, “कोण गं तू, माय?”

“मुंजाजीची सून,” मी म्हणाले.

घरी आल्यावर केस ओलेच होते. आधी तो फोन चार्जिंगला लावला.