पळसाची सोयरीक

धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांतली निम्मी लग्नं पुंजाजींच्या जिभेवर जुळली, असं लोक म्हणतात. ती जिभेमुळे नाही, पोरींच्या सोशिकपणामुळे टिकली, असं त्यांची बायको झुंबरबाई म्हणते. तापट मुलगा पुंजाजींच्या तोंडून 'करारी' होऊन निघायचा आणि आळशी मुलगा 'शांत स्वभावाचा'. पण भावकीत मात्र त्यांनी कधी सोयरीक होऊ दिली नाही. पाच पिढ्या उकरून काढल्याशिवाय हा माणूस बैठकीला बसत नसे.

असे पुंजाजी अश्विनीच्या हाती लागले ते पळसामुळे. अश्विनी बुलढाण्याला कॉलेजात शिकवायची आणि उरल्या वेळात वनशास्त्रात पीएच.डी. करायची. पळसाला स्वतःच्याच परागाने शेंग धरते, की दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, एवढाच तिचा प्रश्न होता. पण फुलांचं काम सकाळचं आणि तिचे तासही सकाळचेच. पळस पुंजाजींच्या बांधालगत होते, म्हणून विद्यापीठाच्या प्रकल्पात तिने त्यांनाच अर्धवेळ मदतीला घेतलं.

काम नाजूक होतं. कळीवर मलमलची पिशवी बांधायची, फूल उमललं की पिशवी सोडून बारीक कुंचल्याने पराग लावायचा आणि पुन्हा बांधायची. पिवळा दोरा असेल तिथे दुसऱ्या झाडाचा पराग, लाल दोरा असेल तिथे त्याच झाडाचा.

"आता सरकारच मले झाडाच्या सोयरिकी जमवाले लावून राह्यलं," पुंजाजी गावभर सांगत सुटले.

"मानसाच्या जमवून पोट नाही भरलं वाटते," झुंबरबाई म्हणाली.

पिवळ्या दोऱ्याचं काम त्यांनी हौसेने केलं. नाल्याकाठच्या दांडग्या पळसाचा पराग ते असा जपून आणत, जणू नवरदेवच घेऊन निघालेत. लाल दोऱ्यापाशी मात्र हात अडला. त्याच झाडाचं त्याच झाडाला? हे तर घरातल्या घरात लग्न! दोन-चार दिवस त्यांनी कसंबसं मन मारलं. मग इकडेतिकडे पाहिलं आणि लाल दोऱ्याच्या फुलांनाही गुपचूप नाल्याकाठचाच पराग लावून टाकला. वर पुण्य केल्याचं समाधान.

उन्हाळ्यात अश्विनी आली आणि लाल दोऱ्याच्या फांद्यांना लटकलेल्या शेंगा पाहून नाचायचीच बाकी राहिली.

"काका, आपल्या डोंगरातला पळस स्वतःच्याच परागाने शेंग धरतो! कोणाला वाटलं नव्हतं असं!"

पुंजाजी मिशीत हसले. "धरनारच ना, मॅडम. म्या काय त्याइले घरातल्या घरात लावून देतो काय? नाल्यावरचं चांगलं स्थळ पाहून देल्लं."

अश्विनी होती तिथेच ढेकळांवर बसली. ती ओरडली असती तर पुंजाजींनी दोन शब्द परत केले असते, पण ती रडायला लागली. विद्यापीठाने वाढवून दिलेली मुदत पुढच्या उन्हाळ्यात संपत होती. म्हणजे आता एकच बहर हातात. तोही वाया गेला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

"दुसरा मानूस पाहा, मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले.

"तुमचा हात बसलाय, काका. पण पुढच्या वर्षी लाल म्हणजे लाल."

"आन नाही धरली शेंग तं?"

"तर नाही धरली. मला खरं काय ते पाहिजे."

ज्याच्या धंद्यात 'नाही' हा शब्दच नव्हता, त्याला हे पचायला पुढचा फाल्गुन उजाडला. पण या खेपेला पुंजाजींनी लाल दोऱ्याच्या प्रत्येक फुलाला "माफ कर वं माय" म्हणत त्याच झाडाचा पराग लावला. काही दिवसांत पिवळ्या दोऱ्यांना कोवळ्या शेंगा दिसू लागल्या, आणि लाल दोऱ्यांची फुलं पिशवीतच गळू लागली. शेंड्यावर थोडी फुलं अजून ताजी होती, कुंचला हातात होता, नाल्याकाठचा पळस समोर उभा होता. पुंजाजींनी कुंचला डबीत घातला आणि डबी झाकून टाकली.

झुंबरबाई भाकरी घेऊन आली, तर हे झाडाखाली बसून लाल दोऱ्याच्या पिशव्या मोजतायत.

"काऊन, जेवत नाही का?"

"रिकाम्या राह्यल्या वं साऱ्या."

अश्विनीने पिशव्या सोडल्या. लाल दोऱ्याला कुठे एखादी सुरकुतलेली शेंग, बाकी काही नाही. आणि तिचा चेहरा खुलला. "झालं, काका! माझं काम झालं!" म्हणत तिने वाकून त्यांना नमस्कार केला. रिकाम्या पिशवीवर एवढं खूश होता येतं, हे पुंजाजींना नवीन होतं. त्यांना फार हलकं वाटलं. डोळे पुसताना ते ऊन लागल्याचं म्हणाले.

त्याच आठवड्यात पिंपळगाव राजाचे माणिकराव घरी आले. पुंजाजींनीच सुचवलेल्या स्थळाशी त्यांच्या मुलीचं जवळजवळ ठरलं होतं.

"एकडाव तुमच्या तोंडून आयकतो, भाऊ. पोरगा कसा हाय?"

झुंबरबाई आत चहा गाळत होती. नवऱ्याची जीभ आता कशी सुटेल, हे तिला पाठ होतं. पण या खेपेला तिचा अंदाज चुकला.

"शेती चांगली हाय," पुंजाजी म्हणाले. "पन पोरगा पेते, माणिकराव. रोज पेते."

माणिकराव उठले ते सोयरीक मोडूनच. जाताना त्यांनी पुंजाजींचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.