मोहाखालचा डबा

ललितभाई गेले हे कळलं तेव्हा मी रविवारची यादी करत होते. पाणी, दोन काठ्या, कचऱ्यासाठी रिकामी पोती, जीपवाल्याला फोन, आणि सगळ्यात वर, 'मोहाखालचा डबा काढून आणणे'. त्यांच्या बायकोची, शोभाभाभींची हाक आधी गल्लीतून ऐकू आली, मग त्या स्वतः दारात. ललितभाईंनी सकाळी नेहमीसारखं शहाद्याच्या बाजारपेठेतलं भांड्यांचं दुकान उघडलं, शटर अर्धं वर केलं, गादीवर टेकले आणि परत उठलेच नाहीत. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी पेन खाली ठेवलं आणि करायचं ते करत सुटले... नातेवाइकांना फोन, सतरंज्या, पाण्याचे जार, उठावण्याची, म्हणजे त्यांच्याकडच्या शोकसभेची वेळ फळ्यावर लिहून पेठेत लावणं. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. गडबडीत माझे हात चालतात, डोळ्यांना सवड मिळत नाही. चार-सहा दिवसांनी फ्रिजवर चुंबकाखाली ती यादी दिसली. खालची कामं आता कोणाची नव्हती. वरचं मात्र उरलंच होतं, कारण तो ललितभाईंनी एका बाईला दिलेला शब्द होता.

त्यांचा छंद सांगितला की लोक आधी हसायचे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. कोणीतरी रानात, डोंगरात एखादा डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश नेटवर टाकायचे आणि बाकीच्यांनी मोबाइल घेऊन तो शोधत यायचं. सापडला की आतल्या कागदावर नाव लिहायचं, एक छोटीशी वस्तू घ्यायची, एक ठेवायची, डबा होता तिथे परत लपवायचा. मुलाने बंगळुरूहून हे वेड लावून दिलं आणि डब्यांचा तर ललितभाईंचा धंदाच. घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे दुकानातून थेट सातपुड्यात जायला लागले. सुरुवातीला माझे यजमान त्यांच्याबरोबर असत. यजमानांचे गुडघे गेले आणि त्यांच्या जागी मी आले, माझ्या याद्यांसकट. ललितभाई मला यादीताईच म्हणायचे. घराण्याचं मूळ राजस्थानचं, पण बोलणं पेठेतलं, अहिराणी. जीप म्हसावद सोडून तोरणमाळच्या घाटाकडे वळली की मागे वळून विचारायचे, "यादीताई, परत येवानं शे का तुन्ही यादीमा? नही त ऱ्हाई जाऊत वरच."

रानात त्यांची एक रीत होती. दगडाच्या खाचेत, मुळांच्या बेचक्यात, कुठेही हात घालण्याआधी ते काठीने हलकेच ठोकायचे. ठक ठक. मग वाकून विचारायचे, "कोणी शे का मझार?" आत कोणी आहे का... आणि थांबायचे. खरोखर उत्तर येणार असल्यासारखे, मान तिरकी करून. साप-विंचवाची भीती हे एक कारण. पण ती सवय मूळची दुकानातली होती. भांडं विकायचं तर बोटाच्या पेराने वाजवून दाखवायचं, आवाजावरून चीर कळते, पोचा कळतो. मी एकदा म्हटलं, "नुसतं ठोकलं तरी साप जाईल की, विचारता कशाला?" त्यावर म्हणाले, "त्यानं घर शे ना ते, इचारीसन हात घालना पडस." हे सांगताना हसले नाहीत. त्यांच्या प्रत्येक डब्याची नेटवरची खूणही तीच असायची : ठोका, विचारा, मग हात घाला.

एवढं विचारणारा माणूस, पण पहिले डबे ठेवताना वनखात्याला विचारायचं त्याच्या मनातच आलं नाही. एक डबा वनरक्षकाच्या नजरेला पडला. राखीव जंगलात दगडाखाली बंद स्टीलचा डबा... त्याला जी शंका यायची ती आली. डबा कचेरीच्या अंगणात नेला, सगळ्यांना भिंतीआड उभं केलं आणि लांब बांबूने झाकण उडवलं. आतून गोट्या घरंगळल्या, एक खेळण्यातली बस आणि एक केसांची क्लिप. ही बातमी बाजारात पोचली त्याच दिवशी ललितभाई कचेरीत हजर झाले. मी बरोबर होते. "साहेब, तो डबा मन्हा शे. बॉम्ब नही, खेळ शे." साहेब बराच वेळ त्या क्लिपकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शेठ, या वयात?" दंड झाला नाही, पण सगळे डबे उतरवावे लागले आणि रीतसर अर्ज करावा लागला. तो मी लिहिला. झाडाला खिळा मारणार नाही, खणणार नाही, डब्यात खाण्याची वस्तू ठेवणार नाही, पायवाट सोडणार नाही, ऊन असतानाच परत फिरू, येताना वाटेवरचा कचरा खाली आणू, सांगाल तेव्हा सांगाल तो डबा उचलू. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "इतक्या अटी मीसुद्धा घातल्या नसत्या." जागा नकाशावर दाखवल्या, सही झाली. पुढे त्या वनरक्षकाशी तर चांगलीच गट्टी जमली. डोंगरावरून उतरलेली आमची कचऱ्याची पोती बघून तो म्हणायचा, "शेठ, तुम्ही डबे लपवता का कचरा गोळा करता, एक काय ते ठरवा."

मोहाखालचा डबा त्या सहीनंतरचा. जागा नकाशावर होती, वनखंडाचा नंबर होता, सगळं चोख होतं. फक्त झाड कोणाचं ते कागदावर नव्हतं. आमच्या सपाटीवरच्या माणसांना जंगलातलं झाड म्हणजे सरकारचं वाटतं. वरच्या पाड्यांवर तसं नाही. तिथे मोहाचं एकेक झाड एकेका घराचं असतं, सासऱ्याकडून सुनेकडे आलेलं. त्याची फुलं त्या घरानेच वेचायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फुलं पडायच्या आधी खालचा पाचोळा झाडून जाळायचा, म्हणजे जमीन स्वच्छ होते आणि फूल दिसतं. (पाड्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी सुट्टीत शोधायला जाईल.) ते झाड सायकीबाईचं. अनोळखी पोरं मोबाइल घेऊन आपल्या झाडाभोवती पाचोळा उकरतात, ढोलीत काठ्या खुपसतात हे तिने पाहिलं, वनरक्षकाला गाठलं, आणि त्याने म्हसावदच्या बाजारात ललितभाईंना तिच्यासमोर उभं केलं.

"कोणाला विचारून ठेवला?" तिने टोपली खाली ठेवत विचारलं.

"साहेबले इचारेल शे, बाई. सही शे त्यासनी."

"साहेब वेचतो का फुलं?"

वनरक्षक तोंड फिरवून हसला. ललितभाई हसले नाहीत. त्यांचा चेहरा असा उतरला की मीच म्हटलं, काढून टाकू हो, काय त्यात. सायकीबाई म्हणाली, तेच सांगायला आले. "बंद डबा. मी आग लावली, तो फुटला, कोणाला लागलं, तर नाव माझं येईल. तू काढशील तेव्हा मी पाचोळा जाळीन. पण फुलं तुझ्यासाठी थांबणार नाहीत, शेठ." डबा नेमका कुठे आहे ते तिलाही सापडलं नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. तो ललितभाईंनी एकट्याने लपवला होता. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "होळीना पहिले मी सोता लई जासू." त्याच संध्याकाळी तो डबा त्यांनी नेटवरून बंद केला, म्हणजे नवं कोणी शोधायला जाऊ नये.  परतताना जीपमध्ये, शहादा दिसायला लागल्यावर एवढंच म्हणाले, "सापले इचारं मी... आन् तिले नही इचारं."

आमची ती शेवटची लांब भेट. पुढच्या रविवारी वर जायचं ठरलं होतं.

उठावणा झाला, मुलगा बंगळुरूला परत गेला, आणि मी वनरक्षकाला बरोबर घेऊन वर गेले. तो शब्द आता दुसरं कोण पाळणार होतं? वाटेत मोबाइल दोनदा वाजला. ललितभाईंच्या खात्यावरचे निरोप भाभींच्या सांगण्यावरून माझ्याकडे वळवले आहेत. दुसऱ्याच डोंगरावरून कोणीतरी लिहिलं होतं, 'तुमचा डबा सापडला, मजा आली, लवकरच भेटू.' मी मोबाइल पिशवीत टाकला. मोहाचं झाड सापडायला वेळ लागला नाही, पण दरीत जागेचा आकडा सारखा हलतो. पुन्हा बाहेर काढलेल्या मोबाइलवरचा बाण कधी झाडाच्या या अंगाला, कधी त्या. वनरक्षक वाटेवर थांबला. मी गुडघे टेकून पाचोळा बाजूला करत गेले. मुळांच्या बेचक्यात एक गोल, गुळगुळीत खळगा होता, डब्याच्या बुडाएवढा. रिकामा. कोणी नेला, की डबा तिथे कधी नव्हताच आणि मी भलत्याच खळग्यात बघत होते? पाहिल्याशिवाय मी यादीत खूण करत नाही. 'डबा निघाला' असं सायकीबाईला सांगावं असं माझ्या हातात काही नव्हतं.

आणि तेव्हा वरच्या उतारावरून आवाज आला. ठक ठक. मधे थोडी शांतता... पुन्हा ठक ठक. मी उठून उभी राहिले. वर सागाची निष्पर्ण झाडं, ऊन, आणि कोणी नाही. सुतारपक्षी असणार. मी त्या दिशेने चढूनही गेले. तिथे पक्षी नव्हता.

खाली पाड्यात सायकीबाई अंगणात बसली होती. तिने माझ्या मागे पाहिलं. "शेठ कुठंय?"

मी सांगितलं. गेले, अमुक दिवशी. ती अंगणातूनच वर मोहाकडे बघायला लागली. मग म्हणाली, "मग मागच्या बाजाराच्या आदल्या दिवशी वर कोण होतं?"

मागचा बाजार म्हणजे उठावण्याच्याही नंतरचा. मी विचारलं, काय पाहिलंत?

"पाहिलं नाही. ऐकलं. मी खाली शेळ्यांमागे होते. आधी ठोकलं, मग विचारलं."

"सुतारपक्षी असेल."

"सुतार विचारतो का?"

वनरक्षकाने पायाने मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. सायकीबाई उठली, आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली आणि शांतपणे म्हणाली की डबा मिळेपर्यंत ती काडी लावणार नाही. तसं बोलणं झालंय. झाडाकडे बघितलं तर पानं जवळजवळ उतरली होती, शेंड्यांवर कळ्यांचे तपकिरी झुबके धरले होते. पाचोळा गुडघ्यापर्यंत. त्यात पडलेलं फूल कोणाच्याच हाती लागणार नव्हतं. तिचा सगळा हंगाम एका भांडेवाल्याच्या डब्यासाठी अडून बसला होता, आणि भांडेवाला नव्हता. त्यानंतर घरी, शाळेत, कुठेही असले तरी दारावरची टकटक ऐकली की मी जागची हलायचे नाही. आधी कोणी विचारतंय का, ते ऐकायचे.

होळी तोंडावर आली तशी शोभाभाभींनी दुकान पुन्हा उघडायचं ठरवलं. म्हणाल्या, "ताई, माल लिहून घ्यायला या. मला त्या फळ्यांकडे एकटीने बघवत नाही." मी गेले. खालच्या फळीवर पातेली, मधे ताटं, वर ओळीने डबे. त्या एकेक डबा उतरवून बोटाने वाजवत होत्या आणि मी लिहीत होते. नवे डबे खणखणीत बोलत होते. ओळीच्या टोकाचा एक डबा मात्र बद्द वाजला.

भाभींचा हात तिथेच थांबला. त्यांनी पुन्हा वाजवला. बद्द. आत काहीतरी हललं.

डब्याच्या बुडाला लाल माती सुकून चिकटली होती. झाकण मी उघडलं. गोट्या, एक शिट्टी, सह्यांचा घडी केलेला कागद, आणि सगळ्यावर मोहाचं एक वाळलेलं पान. आता भाभींना आठवलं. गेले त्याच्या आदल्या दिवशी ते दुपारी जेवायला आलेच नव्हते. संध्याकाळी पाय लाल करून आले आणि म्हसावदला गेलो होतो म्हणाले. म्हणजे एकटेच वर जाऊन डबा घेऊन आले होते. मला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर मी काम यादीतून खोडलं असतं आणि रविवार रद्द झाला असता. ओळखत होते मला. त्यांना मला झाडाभोवती फिरवायचं असणार, आणि सायकीबाईच्या शेजारी उभं राहून हसायचं असणार.

मी तिथूनच वनरक्षकाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पाचोळा जळला, आगीवर लक्ष ठेवायला तो स्वतः उभा होता, जमीन साफ झाली. मी विचारलं, बाई काही म्हणाली का? तो म्हणाला, "म्हणाली, शेठनं शब्द पाळला. आणि म्हणाली, आता आवाज येत नाही." माती वाळली होती, पान वाळलं होतं, डबा त्यांच्या जाण्याआधीच दुकानात आला होता. मग मागच्या बाजाराच्या आदल्या दिवशी वर कोण ठोकत होतं, आणि माझ्या वेळी कोण... याची नोंद मी कुठेही केलेली नाही.

बाकीचे डबे मी एकेक करून उतरवते आहे. या वेळी साहेबांना कळवून, आणि प्रत्येक जागी झाड कोणाचं ते विचारून. तो एक डबा मात्र वरच्या फळीच्या टोकालाच आहे, बुडाच्या मातीसकट. भाभी तो विकत नाहीत, पुसत नाहीत. संध्याकाळी दुकान बंद करताना दिवे मालवतात, शटर अर्धं खाली ओढतात आणि परत आत येऊन त्या डब्यावर बोटाने वाजवतात. ठक ठक. "कोणी शे का मझार?" मग मान तिरकी करून थांबतात. मी तिथे असले तर तेवढा वेळ बोलत नाही. मीही ऐकत असते.