मास्तरांची पकड

शिंपीकाम सोडून मास्तरांना बरीच वर्षं झाली होती. सांधेदुखीनं बायकोची बोटं वाकडी झाली, तेव्हा त्यांनी भांडी धुण्याचं मशीन घेतलं. घरातलं कुठलंही काम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यायचं नाही, हा त्यांचा जुना हट्ट. त्यामुळे मशीनचा पाइप झिजून चिरला आणि स्वयंपाकघरात पाणी झालं, तेव्हा नवा पाइप ते स्वतःच घेऊन आले.

त्यांनी नळ बंद केला, प्लग काढला, मशीन पुढे ओढलं. जुना पाइप निघाला, नवा चढलाही. आता त्याच्यावरची स्प्रिंगची क्लिप पकडीनं दाबून उघडायची आणि जोडापर्यंत सरकवायची, एवढंच राहिलं होतं. पण दाबताना त्यांचा जोर कमी पडायचा, पकड निसटायची आणि क्लिप जागच्या जागी मिटायची.

“मी धरू का?” बायकोनं विचारलं.

“तू काय धरणार?” ते खेकसले, आणि लगेच वरमले.

ती खाली बसली. तिनं आपले दोन्ही हात त्यांच्या मुठीवर ठेवले. दोघांनी जीव खाऊन दाबलं. क्लिप जेमतेम उघडली, पण सरकवायच्या आतच पकड पुन्हा निसटली.

मास्तर ओल्या फरशीवरच भिंतीला टेकले. जन्मभर जाडजूड कोट शिवलेले हात त्यांनी मांडीवर टाकून दिले.

“अहो, कुणाला तरी बोलावू या का?”

त्यांनी पकड पुसून बाजूला ठेवली.

“बोलाव,” शेवटी ते म्हणाले. “पण त्याला सांग, बाकीचं सगळं झालंय.”