ऐन मे महिन्यातले लोकरीचे मोजे

बाळाच्या पायात लोकरीचे मोजे होते. बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावात, मे महिन्यात, दुपारी बारा वाजता. ऊन असं, की माझ्या स्कूटीच्या सीटवर भाकरी टाकली असती तर टम्म फुगली असती.

"हिला मोजे कावून?" मी विचारलं.

"सर्दी झाली, मॅडम," मीना म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं. विलासनं पत्र्याकडं बघितलं. (नावं बदलली आहेत. माणसं तीच.)

मी एका दत्तक संस्थेत सोशल वर्कर आहे. लोकांना वाटतं, पेढे वाटले की मूल आपलं झालं. तसं नसतं. आधी होम स्टडी होते. म्हणजे मी घरी जाते, घरातल्या प्रत्येकाशी बोलते, अहवाल लिहिते. मग नंबर लागून मूल मिळालं, की ते आधी फॉस्टर केअरमध्ये राहतं. मूल त्यांच्या घरात, पण कायद्यानं अजून त्यांचं नाही. कलेक्टरांचा आदेश निघाला की मगच कायमचं. मीना-विलासची फाइल त्याच टेबलावर होती. आदेशाआधी एक ताजी गृहभेट करा, फोटोसह अहवाल द्या, असा निरोप आला होता. मुदत दुसऱ्या दिवशीची. मी येणार म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगितलं, ही माझी चूक.

आरोही दुसऱ्या संस्थेतून आलेली, मी तिला फक्त फोटोत बघितलेलं. अकरा महिन्यांची, तेच कुरळे केस, मीनाच्या कडेवर आडवीतिडवी होऊन रडत होती. दारात शेजारची पूजा उभी. बाळ तिच्याकडं असं झेपावत होतं, की आता खांदा निखळतो. मीना थोपटायची, बाळ तिच्या तोंडावर चापट्या मारायचं. अहवालात एक रकाना असतो, मूल आणि पालकांमधल्या जवळिकीचा. दीड महिना झाला तरी हे असं? त्यात मी लिहू काय?

"मोजे काढ."

"पाय गार पडतेल तिचे."

"मीना, मोजे काढ."

मेडिकल रिपोर्टमध्ये मुलाची ओळखखूण लिहिलेली असते. आरोहीच्या उजव्या टाचेवर तुरीच्या डाळीएवढा काळा डाग होता. मी उजवी टाच बघितली. मग डावी बघितली. दोन्ही घासलेल्या वाटीसारख्या स्वच्छ.

या नोकरीत मी चिमटीत विंचू धरलेत, आमदारांना दारात ताटकळत ठेवलंय. (विंचू एकच होता. आमदार माजी होते.) पण त्या दोन टाचा मी तीनदा उलटून बघितल्या.

"हे मूल कुणाचं आहे?"

पूजा आत आली आणि बाळ उचलून घेतलं. रडणं जागच्या जागी बंद.

"आरोही कुठंय?"

माझ्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. पडली? भाजली? कुणाला देऊन टाकली? मी ऑफिसला फोन लावला, स्पीकरवर. सर म्हणाले, "अर्ध्या तासात मूल डोळ्यांना दिसलं नाही तर पोलीस ठाण्यात कळवा. आणि दिसलं तरी परत घ्यायची तयारी ठेवा."

मीना मटकन खाली बसली. "मॅडम, माझी लेक नेऊ नका. हाय ती. दादाजवळ हाय, आमच्या आखाड्यावर." आखाडा म्हणजे शेतातला गोठा. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ बापूराव, घाटनांदूरचा.

हे ऐकून माझा उरलासुरला धीर गेला. होम स्टडीच्या वेळी हाच बापूराव माझ्या तोंडावर म्हणाला होता, "परक्याचं लेकरू माझ्या मांडीवर बसायचं न्हाई." वाक्य मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं होतं. आणि आता ते लेकरू त्याच्याजवळ, रानात!

विलासनं त्याला फोन केला. मी घड्याळ काढून बसले. बावीस मिनिटं. त्यात मी बावीस वर्षांनी म्हातारी झाले.

मोटारसायकल दारात थांबली. मागच्या सीटवर बापूराव, सहा फुटी, छातीशी उपरण्याचं गाठोडं. त्यानं उपरणं बाजूला केलं. आत एक तुळतुळीत टक्कल, वर हळदकुंकू. मी झडप घालून उजवा पाय धरला. टाचेवर काळा डाग. टकलीनं मीनाला बघितलं, खिदळली आणि झेप घेऊन तिच्या मानेत तोंड खुपसलं.

"केस कुठं गेले हिचे?"

"जावळ काढलं काल," बापूराव म्हणाला. "मामाच्या मांडीवर काढतेत ना. माझ्याच मांडीवर बसलती."

"मग लपवली कावून?"

"तुमच्या फायलीत कुरळ्या केसाचा फोटू हाय. ही अशी. तुमी म्हणला असता, पोरगी बदलली. आमी लई भ्यालतो."

"म्हणून तुम्ही खरंच पोरगी बदलली!"

"मोज्याची आयडिया माझी," विलास हळूच म्हणाला.

मी बापूरावकडं वळले. "मांडीवर बसायचं नाही म्हणाला होतात."

त्यानं चपलेकडं बघितलं. "तवा लेकरू बघितलं नव्हतं, मॅडम."

अहवालात मी सगळं लिहिलं. मोजे, पूजाचं बाळ, सगळं. सर वैतागले, "हे लिहिलं तर आदेश अडकेल."

"नाही लिहिलं तर मी अडकेन," मी म्हटलं. पण नातेवाइकांच्या स्वीकृतीच्या रकान्यात एक ओळ जास्त लिहिली: 'आधी विरोध करणाऱ्या मामाने बालिकेचे जावळ स्वतःच्या मांडीवर काढले.'

आदेश अडकलाच. मीना-विलासला बीडला बोलावणं आलं; बापूरावही सोबत आला. कलेक्टरसाहेबांनी अहवाल दोनदा वाचला, मीनाकडं बघितलं, आरोहीकडं बघितलं. ती मीनाच्या पदराचं टोक चघळत होती. "पुन्हा असं केलंत तर?" साहेब म्हणाले. मीनानं जोरजोरात नकाराची मान हलवली. मग साहेबांनी टाच दाखवायला सांगितली. पाय बापूरावनं धरला, दोन्ही हातांत, काचेचा असल्यासारखा.

सही त्याच आठवड्यात झाली.

तेव्हापासून मी प्रत्येक जोडप्याला सांगते, जावळ काढा, कान टोचा, काय करायचं ते करा, फक्त आधी फोटो पाठवा. आणि दुसरी भेट न कळवता करते. गेल्या गेल्या आधी बाळाचे पाय बघते. चहा नंतर.