धोट्यावरचे जंतू

अंजूरची जमीन भावकीत गेली आणि बाप भिवंडीत लूमवर लागला. सुताची कांडी बदलली की ती ज्यात बसते त्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून श्वासानं सूत ओढायचं, ही लूमवरची रीत. त्याच धोट्याला दिवसपाळीवाल्याचे ओठ लागत आणि रातपाळीवाल्याचेही. बाप क्षयानं गेला. आई घरी कांड्या भरायची, मला म्हणायची, "तू लूमला हात लावायचा न्हाय."

नाही लावला. घराण्यातला पहिला पदवीधर झालो, सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, आणि सत्तरच्या दशकात भिवंडीतच कॉलेजात लेक्चरर लागलो. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या वर्गात लूमवाल्यांची मुलं असत. शब्द फळ्यावर इंग्रजीत लिहायचा, समजावायचं मराठीत, नाहीतर कारखान्यातल्या हिंदीत. विभागप्रमुख म्हणत, "तुमच्या तासाला धामणकर नाक्यावर कामगारांच्या गर्दीत उभं राहिल्यासारखं वाटतं." मी हसण्यावारी नेई. तेच माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते आणि मी त्यांना मानत होतो.

माझा विषय होता धोट्यावरचे जंतू. पण वापरातले धोटे कुठलाच मालक देईना. वर्गात एक विणकर होता, माझ्यापेक्षा मोठा, दोन लेकरांचा बाप. रातपाळी करून सकाळी तासाला बसायचा. क्षयाचा धडा त्याच्या भाषेत ऐकला, त्या दिवशी तो मागे थांबला. धोटे मी आणतो म्हणाला. अट एकच, कारखान्याचं नाव बाहेर जाता कामा नये. मी शब्द दिला. प्रमुख समोरच होते. त्यांनीही मान डोलावली.

त्यानं आणलेल्या धोट्यांवरून काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतल्या नळ्यांत क्षयाचे जंतू वाढले. प्रमुखांनी पाठ थोपटली. पुढच्याच आठवड्यात विणकराला कामावरून काढलं. त्याचा मालक कॉलेजच्या कमिटीवर होता, आणि चहा घेताना प्रमुखांनीच त्याला सगळं सांगितलं होतं.

मी जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "शब्द तुम्ही दिला होतात. तेव्हा मी कुठे काय बोललो?"

विणकराच्या खोलीवर गेलो. त्यानं चहा मागवला, मग म्हणाला, "सर, जबान तो आपने दी थी. उनको तो हम जानते भी नहीं."

दोघंही तेच बोलले. एकाचं मला आजही टोचतं, दुसऱ्याचं पटतं.

बापाच्या खोकल्यावरचं काम मी त्या माणसाच्या हाताखाली ठेवणार नव्हतो. मार्गदर्शक सोडला, मुंबईत दुसरे मिळवले, पहिल्यापासून सुरुवात केली. विणकराला दुसरीकडे लूम मिळाला, पण कॉलेजात तो येईना. मग दर रविवारी मीच त्याच्या खोलीवर जाऊन शिकवू लागलो. पहिल्या रविवारी त्यानं पुस्तक उघडलंच नाही. दुसऱ्या रविवारी उघडलं. प्रमुख जिन्यात भेटले की विचारत, "काय, नाका कसा चाललाय?"

प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरता तो कॉलेजात आला आणि बी.एस्सी. झाला, त्याच्या घराण्यातला पहिला. काही वर्षांनी मीही पीएच.डी. झालो. प्रबंधात एकाही कारखान्याचं नाव नाही.